करायचं ते दिवाळीच्या आत

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच संपलेली असते. ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतात आणि पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज भागातली माणसं ऊसतोडीला निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी साताऱ्याला, कोणी थेट कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे एक ‘कोयता’ म्हणतात. कोयत्याबरोबर लेकरंही जातात आणि मार्च-एप्रिलात परततात.

या मुलांची शाळा, तब्येत आणि वाढ यांच्यासाठी मी बरीच वर्षं पंचायत समितीपासून जिल्हा परिषदेपर्यंतचे जिने चढते आहे. सांगण्यासारखं मुख्य एकच आहे. या मुलांसाठी योजना कमी नाहीत, पण जवळजवळ प्रत्येक योजनेचं वेळापत्रक बारा महिने एकाच गावात राहणाऱ्या मुलाला धरून आखलेलं असतं. ते वेळापत्रक या मुलांच्या हंगामाशी जुळवून घेणं हेच आमचं बहुतेक काम. ते करताना जे कळत गेलं, ते असं.

१. आकडा कोणत्या महिन्यातला, ते आधी विचारा

४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. २०२२ सालचं ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ही जुलैतच राबवलं गेलं. जुलैत ऊसतोड कामगाराचं मूल कुठे असतं? स्वतःच्या गावात, स्वतःच्या वर्गात, बऱ्याचदा पहिल्या बाकावर. तेव्हा त्याची नोंद ‘शाळेत आहे’ अशीच होणार, आणि ती खोटीही नाही. हेच मूल डिसेंबरात कारखान्याच्या तळावरल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत बसलेलं असतं. तेव्हा मोजायला कोणी येत नाही.

म्हणून ‘आमच्या तालुक्यात शाळाबाह्य मुलं नाहीत’ असं कोणी सांगितलं की वाद घालू नका. यादी कधीची आहे, एवढंच विचारा. मग शाळेतून जानेवारीचा हजेरीपट मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. जुलैचा आणि जानेवारीचा पट शेजारी ठेवला की पुढचं बोलणं सोपं जातं.

२. नाव पटावर आहे, एवढ्यावर समाधान मानू नका

शिक्षकांची संचमान्यता ठरते ती ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या दिवशी ही मुलं गावात असतात. शिक्षकांची पदं त्यांच्या जोरावर टिकतात आणि महिन्या-दोन महिन्यांत मुलं निघून जातात. नाव मात्र पटावर राहतं, एप्रिलात ते वरच्या वर्गात सरकतं.

हिशेब मांडून पाहा. पहिली ते पाचवी दर वर्षी दुसरं सत्र बुडालं, तर सहावीच्या दारात उभ्या असलेल्या मुलाने जेमतेम अडीच वर्षांची शाळा पाहिलेली असते. हे मूल ‘कच्चं’ आहे असं म्हणणं म्हणजे अर्ध्या ताटावर वाढलेल्याला अशक्त म्हणून नावं ठेवणं.

मी हा मुद्दा अधिकाऱ्यांपुढे उलटा करून ठेवते. ‘साहेब, ३० सप्टेंबरला ही मुलं आपली धरलीत ना? मग १ डिसेंबरलाही आपलीच धरा. ती कुठे आहेत आणि तिथल्या शाळेत दाखल झाली का, हे आपल्याच कार्यालयाने विचारायचं.’ यावर कोणी चिडत नाही, कारण हा हिशेब त्यांच्याच रजिस्टरातला असतो.

३. दया मागू नका, कलम दाखवा

‘बिचारी गरीब मुलं’ अशी सुरुवात झाली की समोरचा माणूस हळहळतो, चहा मागवतो आणि विषय संपतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यातली काही कलमं तोंडपाठ हवीत. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. कलम ५ प्रमाणे शाळा बदलताना मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ९ मध्ये तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिलं आहे. आधार कार्ड नाही म्हणून शाळाप्रवेश अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या निकालात सांगितलं.

हा सूर आपल्याकडे नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, तेव्हा उपकाराची भाषा केली नव्हती. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, असा हिशेब त्यांनी मांडला होता आणि किमान १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली होती. राज्यातलं साखरेचं अर्थकारण ज्यांच्या कोयत्यावर चालतं, त्यांच्या लेकरांसाठी बोलताना तोच बाणा हवा.

४. एक पान, एक मागणी, आणि पोच

‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य पत्रात कधीही लिहू नका. योग्य म्हणजे काय, ते मग समोरचा ठरवतो. विषयाच्या ओळीतच काम, ठिकाण आणि तारीख यायला हवी. उदाहरणार्थ: ‘विषय: हंगामी वसतिगृहास १५ ऑक्टोबरपूर्वी मंजुरी मिळणेबाबत.’ खाली मुलांची संख्या आणि इयत्ता, कोणत्या कलमाखाली मागणी आहे ते, आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत हवा ते. बस्स. तीन मागण्या एका पत्रात घातल्या की पत्र तीन टेबलांवर फिरतं आणि कुठल्याच टेबलावर थांबत नाही.

पत्र दोन प्रतींत न्यायचं. एक आवक शाखेत, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. ती पोच हातात आल्याशिवाय जिना उतरायचा नाही. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणणारा कारकून वाईट नसतो, पण त्याची बदली होते. नवा माणूस आला की शिक्क्याचा कागदच बोलतो. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून हललं नाही तर जिल्हा परिषद, तिथून जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार केली, तर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. पण तीन महिने म्हणजे अर्ध्याहून जास्त हंगाम. नोव्हेंबरात केलेल्या तक्रारीचा निकाल उसाचा फड संपत आल्यावर येतो. म्हणून तक्रार करायची तर ऑगस्टात. अडचण उभी राहायच्या आधी तक्रार कशी करणार, असं लोक विचारतात. गेल्या वर्षीची अडचण लिहा. ती यंदाही येणारच असते.

५. ‘लक्षच देत नाही’ असं ऐकलं की कान तपासा

तिसरीतली एक मुलगी आठवते. वर्गात गप्प, हाक मारली तर उशिरा बघणारी. ‘डोक्यात काही शिरत नाही तिच्या,’ असं सगळ्यांचं ठरलेलं. मी तिच्या शेजारी सतरंजीवर बसले तेव्हा दिसलं, की बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की ही शेजारणीच्या पाटीत डोकावते, आणि बाई वळून बोलल्या की त्यांच्या ओठांकडे बघते. डाव्या बाजूने हाक मारली तर मान हलायची नाही. कानात कापसाचा बोळा होता आणि ओढणीला वास येत होता. कान फुटलेला होता. कोपी म्हणजे पाचटाची किंवा ताडपत्रीची, थंडी बाहेरची, सर्दी हंगामभर. कान वाहतो तसा वाहू द्यायचा, तळावर दुसरं काय करणार?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही महाराष्ट्रातच, पालघरला. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब या चार गोष्टींसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. तो एकदाचा फेरा जानेवारीत पडला, तर ज्यांना सर्वांत गरज आहे तीच मुलं त्या दिवशी नसतात. जंतनाशक दिनाचंही तसंच, ऑगस्टची गोळी मिळते आणि फेब्रुवारीची हुकते.

म्हणून ऊसतोडीच्या गावांच्या शाळा पथकाच्या दौऱ्यात जुलै-ऑगस्टात घ्या, अशी मागणी आम्ही करतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांना यासाठी नवा निधी लागत नाही, दौऱ्याच्या तक्त्यात गावांची अदलाबदल करावी लागते. तपासणी लवकर झाली तर पुढच्या दवाखान्याच्या खेपा, चष्मा, श्रवणयंत्र, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातलं वाचा-उपचाराचं पहिलं सत्र, सगळं दिवाळीच्या आत बसतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि त्यात अध्ययन अक्षमताही आहे. पण प्रमाणपत्राच्या तारखेला आई-बाप फडावर असले तर तो हक्क कागदावरच राहतो. तारीख पावसाळ्यातली मागून घ्या.

६. मोठीला शाळेत ठेवायचं, तर धाकट्याची सोय आधी

नऊ-दहा वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही, याचं उत्तर तिच्या कडेवर असतं. आई पहाटे फडात जाते. तान्ह्याला कोण बघणार? त्यामुळे मुलीच्या शिक्षणासाठी आमचे निम्मे अर्ज अंगणवाडीसंबंधीच असतात. कारखान्याच्या तळाजवळच्या अंगणवाडीत ही मुलं घ्या, सेविकेच्या यादीत नसली तरी घ्या, खाऊ द्या, वजन करा. जाताना गावच्या सेविकेकडून बाळाचं लसीकरणाचं कार्ड आणि वजनाची नोंद बरोबर द्यायची. त्या कागदामुळे तळावरच्या सेविकेलाही वर विचारायला आधार मिळतो.

शिक्षण विभागाला वाटतं हा महिला-बालविकासचा विषय, आणि महिला-बालविकासला वाटतं हा शिक्षणाचा. दोन्ही खात्यांना एकच पत्र द्यायचं आणि दोन्हीकडे ‘प्रत माहितीस्तव’ दुसऱ्याचं नाव लिहायचं. आपण कोणाकोणाला लिहिलंय हे समोरच्याला दिसलं की टोलवाटोलवी बरीच कमी होते.

७. संध्याकाळच्या भाकरीचं आजीला विचारा

हंगामी वसतिगृहाची कल्पना चांगली आहे. आई-बाप गेले तरी मूल आजी-आजोबांकडे गावातच राहायचं, शाळा चालू ठेवायची आणि दोन्ही वेळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीने शिजवून द्यायचं. दुपारचा पोषण आहार शाळेत मिळतोच. अडतं ते संध्याकाळी. एका सभेत एक आजी उठून म्हणाल्या, ‘सर, लेकरू मागं ठिवीन मी. पर सांच्याला त्याच्या पोटाला कोन घालीन?’ त्या एका प्रश्नापुढे आमचं सगळं प्रबोधन फिकं होतं.

मंजुरी डिसेंबरात आली तर काय होतं, हे आजीला अधिकाऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ट्रॅक्टर नोव्हेंबरात निघतो, तेव्हा चूल पेटलेली नसली तर मूल ट्रॅक्टरमध्ये बसतं. एकदा गेलेलं मूल मंजुरीचा कागद दाखवून परत येत नाही. म्हणून प्रस्ताव ऑगस्टात, मुलांच्या यादीसह आणि पालकांच्या सह्या-अंगठ्यांसह. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. यादी त्यांनीच करावी. कोणाचं मूल कुठे राहणार, कोणाची आजी आजारी आहे, हे मुख्याध्यापकांच्या संगणकात नसतं.

मोठ्या मुलींचं वेगळं बघावं लागतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला मागे ठेवणं आई-बापाला सुरक्षित वाटलं नाही, तर ती एक तर फडावर जाते, नाहीतर बोहल्यावर. लग्न झालं की नवा कोयता तयार. तिच्यासाठी निवासी शाळेतली किंवा शासकीय वसतिगृहातली जागा मागायची ती जूनमध्येच.

८. शिक्षकांना समोरच्या बाजूला उभं करू नका

गावच्या शाळेतला शिक्षक जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे पळत असतो. फडाजवळच्या शाळेतल्या बाईंपुढे नोव्हेंबरात एकदम वीस-पंचवीस नवी मुलं येऊन उभी राहतात. पुस्तकं वाटून झालेली, वर्गात जागा नाही, मुलांची बोली वेगळी. त्या वैतागल्या तर त्यात नवल काय?

या दोन शिक्षकांची एकमेकांशी गाठ घालून देणं, हे आमचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम. निघताना प्रत्येक मुलाजवळ शिक्षण हमी कार्ड द्यायचं. त्यावर इयत्ता असतेच, आम्ही मागे पेन्सिलने चार ओळी लिहायला सांगतो: जोडाक्षरं वाचतो की नाही, हातच्याची वजाबाकी येते का, चष्मा आहे का, चिडला की काय केल्याने शांत होतो. या चार ओळींमुळे नव्या बाईंचे पहिले काही आठवडे वाचतात. मग त्यांच्या वतीने आपण जादा पुस्तकांची आणि स्वयंसेवकाची मागणी करायची. शिक्षकाच्या अडचणीसाठीही तुम्ही भांडता हे दिसलं की तोच शिक्षक पुढे तुमचा साक्षीदार होतो.

९. मुलाचा फोटो हा पुरावा नव्हे

जूनमध्ये दप्तरवाटपाचे कार्यक्रम जोरात असतात. पाहुणे, हार, रांगेत उभी मुलं, हातात दप्तर, फोटो. एकाच मुलाला तीन दप्तरं मिळतात आणि चष्मा एकही नाही. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून मी त्यांना नाही म्हणत नाही, यादी देते: अमुक गावात संध्याकाळच्या स्वयंपाकाला गॅस, अमुक मुलीला दवाखान्यात न्यायला गाडीभाडं, अमुक शाळेला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या किराण्याची उसनवारी, म्हणजे मंजुरीचे पैसे येईपर्यंत चूल चालू राहील.

कोपीच्या दारात शेंबडं नाक घेऊन उभ्या मुलाचा फोटो निवेदनाला लावायची विनंती पुष्कळदा होते. मी लावत नाही. ते मूल उद्या दहावी होईल, नोकरीला लागेल, आणि तो फोटो कुठल्या तरी अहवालात तसाच राहील. हजेरीपटाची प्रत, वजनाचा तक्ता आणि वाचनाची नोंद यांनी तेवढाच परिणाम होतो, बऱ्याचदा जास्त.

१०. परतीचे दोन महिने वाया घालवू नका

मुलं मार्च-एप्रिलात येतात, तोवर परीक्षा झाल्या तरी असतात किंवा तोंडावर असतात. मग उन्हाळ्याची सुट्टी. म्हणजे मूल गावात आहे आणि शाळा बंद आहे. कलम ४चं विशेष प्रशिक्षण याच काळात मागा. सकाळी सात ते दहा, देवळाच्या सभामंडपात किंवा समाजमंदिरात, गावातल्याच बारावी झालेल्या मुलीला मानधन देऊन.

मोजमाप साधं ठेवा. ‘असर’च्या पाहण्यांत वापरतात तशी चाचणी पुरते: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. सप्टेंबरात मूल कुठवर वाचत होतं आणि एप्रिलात कुठवर वाचतं, एवढ्या दोन नोंदी. परिच्छेदापर्यंत पोचलेलं मूल शब्दावर घसरलेलं दिसलं, की विशेष प्रशिक्षणाची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही. मागे राहिलेल्या आणि बरोबर गेलेल्या मुलांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. पुढच्या वर्षीच्या वसतिगृहाच्या प्रस्तावाला त्याच जोडायच्या असतात.

११. आपल्या भागाचा हंगाम ओळखा

हे सगळं ऊसतोडीपुरतं नाही. रायगड-ठाणे-पालघरकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मेंढ्या घेऊन निघणाऱ्या धनगरांची वाट आणि वेळ ठरलेली असते. शहरात बांधकामाच्या जागेवरची मुलं इमारत पूर्ण झाली की हलतात. पुण्या-मुंबईत ‘डोअर स्टेप स्कूल’सारख्या संस्था त्यांच्या मागोमाग शाळा घेऊन जातात, ते याचसाठी.

तुमच्या भागातल्या मुलांची यादी करताना प्रत्येकाच्या नावापुढे दोन तारखा लिहा: जायची आणि यायची. शेजारी सरकारी तारखा लिहा: तपासणीचा दौरा, पट धरण्याचा दिवस, प्रस्तावाची मुदत, मंजुरी, परीक्षा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे तुमचं पुढचं पत्र जायला हवं. आमच्याकडे ती यादी जूनमध्ये तयार होते, पत्रं जुलै-ऑगस्टात जातात, सप्टेंबरात पाठपुरावा आणि ऑक्टोबरात चुलीला सरपण. नोव्हेंबरात सुचलेली कल्पना कितीही चांगली असली, तरी आम्ही ती पुढच्या वर्षीच्या वहीत लिहून ठेवतो आणि त्या वर्षी फक्त फडाजवळच्या शाळांचे दरवाजे वाजवतो.